समुद्रात धूळ नाही, तरी फिल्टर काळा

नाखव्याचा फोन आला तेव्हा पहिलंच वाक्य होतं, "मिस्त्री, पंप परत उघडायचा काय?" दोन महिन्यांत इंजिनाच्या ज्या डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन (डिझेलचं माप लावून घेणं) दोनदा झालंय, तो तिसऱ्यांदा उघडायला निघालेला माणूस किती टेकीस आला असेल ते कळलं. म्हटलं, "पंपाला हात लावू नका नाखवा, मी उद्या येतो."

बोट हर्णैची. लाकडी ट्रॉलर. आत सहा सिलिंडरचं, साडेसहा लिटरचं, टर्बो नसलेलं जुनं डिझेल इंजिन. मूळ ट्रकच्या जातीचं, त्याला समुद्राच्या पाण्याचा कूलर आणि मरीन गिअरबॉक्स चढवून बोटीत बसवलेलं. वय विचारलं तर नाखवा सांगतो, "थोरल्याच्या बारशाच्या वर्षी घेतलं." तो थोरला आता त्याच बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख आहे.

तक्रार अशी: मासेमारीची पावसाळी बंदी उठल्यावर ऑगस्टमधल्या पहिल्या दोन फेऱ्या ठीक गेल्या. मग लोडवर काळा धूर यायला लागला. फुल रेसला १,८०० आरपीएम (मिनिटाला फेरे) घेणारं इंजिन १,६५० ला अडायला लागलं, आणि फेरीमागे साठ-सत्तर लिटर डिझेल जास्त जायला लागलं. नाखव्याने आधी नोझल बदलले. मग पंप कॅलिब्रेशनला दिला. फरक पडेना म्हणून पुन्हा दिला, आणि या वेळी पंपवाल्याला सांगितलं की जरा डिझेल वाढवून दे, म्हणजे ताकद येईल. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, लावून झाले. एअर फिल्टरही नवा घातला, एकदा नाही, तीनदा. त्यामुळे फोनवर मी फिल्टरचं नाव काढताच नाखवा जरा चिडलाच: "फिल्टर नवाकोरा आहे हो, बारा दिवस नाही झाले!"

बारा दिवसांचा फिल्टर. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

ऑक्टोबरातली सकाळ, अंगाची काहिली. हर्णैला बोटी सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या आडोशाला नांगरलेल्या असतात, छोट्या होडीने जावं लागतं. बोटीवर चढल्यावर आधी पंख्याची, म्हणजे पाण्यातल्या प्रोपेलरची, चौकशी केली. पंख्याला जाळ्याचा तुकडा गुंडाळला, किंवा बुडाला शेवाळ-शिंपले धरले, की इंजिनावर ओझं वाढून नेमका असाच काळा धूर येतो, आणि माणूस इंजिन खोलत बसतो. बूड श्रावणात रंगवलेलं, तळ स्वच्छ होता. ड्रायव्हरने बुडी मारून पंखा चाचपला, मोकळा होता. बिनलोड इंजिन रेस पूर्ण घेत होतं. म्हणजे इंजिनाला लोडवर काहीतरी कमी पडत होतं. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. आणि ते पूर्ण न जळण्याची मुख्य कारणं दोन: डिझेल जास्त, नाहीतर हवा कमी. डिझेलच्या बाजूला सगळ्यांनी हात घालून झाला होता. हवेच्या बाजूला कुणी डोकं घातलंच नव्हतं, कारण तिथे नवा फिल्टर होता.

हवा म्हणजे किती, याचा अंदाज भल्याभल्यांना नसतो. चार स्ट्रोकचं इंजिन स्वतःच्या दोन फेऱ्यांत एकदा पोटभर हवा घेतं. १,८०० आरपीएमला साडेसहा लिटर गुणिले ९०० म्हणजे ५,८५० लिटर. पोट पूर्ण भरत नाही म्हणून १५ टक्के सोडले, तरी मिनिटाला ५,००० लिटर हवा. डिझेलची दोनशे लिटरची पिंपं डोळ्यांसमोर आणा: अशी पंचवीस पिंपं, दर मिनिटाला, त्या एवढ्याशा फिल्टरमधून. एक लिटर डिझेल जाळायलाच कमीत कमी १०,००० लिटर हवा लागते, आणि धूर नको असेल तर त्याच्या दीडपट तरी हाताशी हवी. ड्रायव्हरला मी म्हटलं, इंजिन हवेवर चालतं रे, डिझेल नुसतं चवीला. तो हसला, पण त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

मोजमाप करायला मी गवंड्याची लेव्हल ट्यूब नेली होती. तीच, पारदर्शक, भिंतीची पातळी काढायची. एका फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी ठोकायची, प्रत्येक बाजू चांगली सव्वा मीटर उंच ठेवायची, अर्ध्यापर्यंत पाणी भरायचं, दिसायला सोपं जावं म्हणून पाण्यात थोडं कुंकू. ट्यूबचं एक टोक फिल्टर आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) यांच्या मधल्या पाइपला जोडायचं, दुसरं उघडं ठेवायचं. इंजिन हवा ओढतं, पाणी एका बाजूला चढतं. दोन्ही बाजूंच्या पातळीतला पूर्ण फरक मोजायचा, एकाच बाजूचा नाही. ही चूक मी स्वतः उमेदवारीत केलेली आहे. बिनटर्बोच्या अशा इंजिनाला ५० सेंटिमीटर ही आम्ही हद्द धरतो. त्यापुढे फिल्टर चोक समजायचा. याचे तयार मीटरही मिळतात, पण लेव्हल ट्यूब खोटं बोलत नाही आणि समुद्रात पडली तर हळहळ वाटत नाही.

फळी केबिनमध्ये बांधली, लांब नळी इंजिनरूममध्ये सोडली, आणि किल्ल्याला वळसा घालून बोट खुल्या पाण्यात फुल रेसवर नेली. इंजिनरूमचं झाकण बंद, सगळं रोजच्यासारखं: १,६५० आरपीएम, पाण्यात फरक ८२ सेंटिमीटर. मग ट्यूबचं उघडं टोकही दुसऱ्या नळीने इंजिनरूममध्ये नेलं, तेव्हा फरक ८० झाला. या दोन सेंटिमीटरांकडे मी जास्त वेळ पाहत राहिलो. त्याचा अर्थ, खुद्द इंजिनरूममध्येच बाहेरच्यापेक्षा दाब कमी होता. खोलीलाच श्वास मिळत नव्हता. ड्रायव्हरला विचारलं, चालू इंजिनावर झाकण उचलताना जड लागतं का? म्हणाला, "लागतं ना, आतून कोणी धरून ठेवल्यासारखं. मला वाटलं लाकूड फुगलंय."

झाकण उघडल्यावर इंजिन १,६९० वर गेलं. झाकण उघडंच ठेवून मिनिटभर फिल्टर काढला, तोंडाजवळ एक चिंधी, एक दोरा राहणार नाही याची खात्री करून: १,७६०, आणि मागचा धूर निम्मा. म्हणजे चोर दोन होते आणि दोघांनी आपापला वाटा वेगवेगळा नेला होता. (फिल्टर काढून इंजिन चालतं म्हणून तसंच चालवणारे लोक आहेत. त्यांच्यापैकी एकाच्या इनटेक व्हॉल्व्हखाली मी जाळ्याचा नायलॉन दोरा वितळलेला पाहिलाय.)

इंजिनरूममध्ये तापमान ५८ अंश होतं, बाहेर ३२. हवा दर तीन अंशाला साधारण एक टक्का विरळ होते. म्हणजे दाबाचं सोडा, नुसत्या उष्णतेनेच इंजिनाच्या ताटातली आठ टक्के हवा उचलली होती. इंजिनरूमला दोन व्हेंटिलेटर होते. एकाच्या तोंडावर जाळ्याचा ढीग. दुसऱ्यात हात घातला तर हाताला गोणपाट लागलं. मे महिन्यात बोट किनाऱ्यावर ओढून शाकारताना पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून कोणीतरी नीट घडी घालून कोंबलेलं, ते ऑगस्टमध्ये काढायचं राहून गेलेलं. गोणपाट बाहेर आलं तेव्हा नाखवा थोरल्याकडे बघत होता, थोरला ड्रायव्हरकडे, आणि ड्रायव्हर सुवर्णदुर्गाकडे.

आता तो बारा दिवसांचा फिल्टर.

तो ट्रकचा कागदी फिल्टर होता. तीन वर्षांपूर्वी मूळचा ऑइल बाथ एअर क्लीनर काढून हा बसवला होता, कारण कोणीतरी सांगितलं की तेलाचा जुना झाला, कागदाचा मॉडर्न. फिल्टर बाहेर काढला तर घड्यांच्या आत काळाकुळकुळीत. आता विचार करा: जमिनीवरच्या ट्रकचा फिल्टर काळा-तपकिरी होतो तो रस्त्याच्या धुळीने. भर समुद्रात धूळ कुठली? आपल्या बोटी किनाऱ्यावर असताना शेजारच्या बोटीला ग्राइंडर लागतो, वाळू उडते, तेव्हाची गोष्ट वेगळी. त्या दिवसांत इंजिन चालवूच नये आणि फिल्टरचं तोंड बांधून ठेवावं. पण बारा दिवस पाण्यात असलेल्या फिल्टरमध्ये जे काही आहे ते त्याच खोलीत तयार झालेलं असणार.

बोटाने घासून बघितलं. कोरडी काजळी असती तर बोट काळं होऊन झटकल्यावर निघाली असती. ही चिकट होती, बोटाला धरून राहणारी, वासाला इंजिन ऑइल. शिवाय फिल्टर सगळीकडून सारखा काळा नव्हता, एका बाजूला जास्त. तो जसा बसला होता तसाच परत धरला आणि ती काळी बाजू कुठे बघतेय ते पाहिलं. ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे धूर गोळा करणाऱ्या पाइपच्या, मागच्या जोडाकडे बघत होती. तिथे टॉर्च मारला तर जोडाच्या खालच्या कोपऱ्यातून लॅगिंगच्या (उष्णता अडवायला गुंडाळलेल्या) पट्टीवर काजळीचा पंखा उमटलेला, दिव्याच्या काचेवर उमटतो तसा. पॅकिंग फुटलेलं. आणि इंजिनाच्या ब्रीदरचा पाइप, ज्यातून क्रँककेसची तेलकट वाफ बाहेर पडते, तो फिल्टरच्या तोंडापासून तीन बोटं अंतरावर संपत होता. कागदी फिल्टरचा डबा बसवताना जागा कमी पडली म्हणून तो तिथे वळवलेला.

सगळा उलगडा तिथे झाला. जोडातून काजळी सुटते, ब्रीदरमधून तेल सुटतं, दोन्ही मिळून फिल्टरला लेप बसतो. लेप बसला की हवा कमी. हवा कमी की धूर जास्त, धूर जास्त की जोडातून काजळी आणखी जास्त. वर पंपात डिझेल वाढवून घेतलेलं, म्हणजे धुराला खुराक. खोली बंद असल्यामुळे हे सगळं तिथल्या तिथे फिरतंय. रहाटगाडगं नुसतं. नवा फिल्टर घातला की दोन दिवस बरं वाटायचं आणि नाखव्याला वाटायचं की फिल्टरचा काही संबंध नाही, कारण तो तर बदललाच आहे. फिल्टर बदलून काही होत नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या खोलीत कोणताही फिल्टर घातला असता तरी बारा दिवसांत त्याची तीच गत झाली असती.

मी सहज ड्रायव्हरला विचारलं, डोकं दुखतं का? म्हणाला, रोज संध्याकाळी, बाम लावतो. वय चोवीस. उष्णतेचाही भाग असेल, पण एक्झॉस्टचा गळका जोड आणि बंद खोली म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना रंग ना वास. नाखव्याला म्हटलं, डिझेलचे पैसे राहू द्या, आधी या पोराकरता हा जोड बंद करू. त्यानंतर नाखवा पंपाबद्दल काही बोलला नाही.

फिल्टरमध्ये दिवा धरून बघितल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. चोक फिल्टरमधून उजेड येत नाही. याच्या एका घडीतून मात्र सुईएवढा लख्ख ठिपका येत होता. फाटलेला. ड्रायव्हर दर फेरीला तो दापोलीत टायरवाल्याकडे नेऊन कंप्रेसरने झाडून आणायचा, शंभर-सव्वाशे पौंड दाबाच्या हवेने, वरून आत. कागदी फिल्टरला हवा मारायची तर आतून बाहेर, तीस पौंडांच्या आत, नळी लांब धरून. आणि तेलकट झालेला फिल्टर हवेने साफ होतच नाही, तो फेकायचाच. रॉकेलमध्ये बुडवून उन्हात वाळत घातलेले कागदी फिल्टरही मी पाहिलेत. वाळल्यावर ते दिसतात छान.

दुरुस्तीला तीन दिवस लागले आणि त्यातले दीड दिवस एका स्टडने (बिनडोक्याच्या बोल्टने) खाल्ले. एक्झॉस्ट जोडाचे चार स्टड, तीन निघाले, चौथा गंजून एकजीव झालेला. रात्रभर डिझेल सोडून भिजवला, सकाळी नट गरम करून फिरवला, तर मुळातून तुटला. ड्रिल करून काढावा लागला, आंजर्ल्याच्या खाडीत बोट आणून, कारण उघड्या पाण्यात डुलत्या बोटीवर सरळ भोक पडत नाही. जोडाचे दोन्ही चेहरे फाइलने सपाट केले, नवं पॅकिंग, नवे स्टड, आणि इंजिन गरम झाल्यावर नट पुन्हा एकदा आवळले. हे दुसऱ्यांदा आवळणं लोक विसरतात आणि महिन्यात पॅकिंग परत उडतं. लॅगिंगला जुनी ॲस्बेस्टॉसची दोरी होती, तिचे तंतूही फिल्टरमध्ये सापडले होते. ते तंतू माणसाच्या फुप्फुसात गेले तर बाहेर येत नाहीत. पाण्याने ओली करून, तोंडाला मास्क लावून ती काढली, पिशवीत बांधली, आणि काचतंतूची पट्टी गुंडाळली.

ब्रीदरचा पाइप फिल्टरपासून लांब, खाली नेला आणि एका बाटलीत सोडला. बाटलीत तारेची जाळी, खाली तेल काढायला कॉक, वर वाफ जायला वाट. ती वाट महत्त्वाची. थोरल्या तांडेलाने विचारलं होतं की पाइप बंदच करून टाकला तर? मग क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि ऑइल सील बाहेर ढकलले जातात. वाफ निघू द्यायची, फक्त इंजिनाच्या नाकात नाही.

एका व्हेंटिलेटरमधून जाड पाइप घेऊन त्याचं तोंड फिल्टरच्या शेजारी आणलं, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा आधी मिळेल. दुसरा खोलीची उष्णता काढायला मोकळा. जाळ्याचा ढीग केबिनच्या मागे हलवला. पंप त्याच पंपवाल्याकडे नेऊन डिझेल मूळ मापावर आणलं. त्याची चूक काही नव्हती. गिऱ्हाइकाने जे मागितलं ते त्याने दिलं होतं.

राहिला फिल्टर. माझं मत असं की टर्बो नसलेल्या, मूळ ऑइल बाथ घेऊन आलेल्या इंजिनाला बोटीवर तोच बरा. कागद धूळ जास्त बारीक पकडतो हे खरं, ट्रकवर मी कागदच सुचवीन. पण समुद्रावर बारीक धूळ नाही, आणि खाऱ्या दमट हवेत कागद फुगतो, कडक होतो. ऑइल बाथमध्ये हवा खाली येते, तेलावरून झटकन वर वळते, जड कचरा तेलात पडतो, उरलेला तेलाने ओल्या झालेल्या तारेच्या जाळीत अडकतो. दमटपणाने त्याचं काही बिघडत नाही, आणि दुकान लांब असलं तरी तो धुता येतो. टर्बो असता तर हे मी म्हटलं नसतं.

जुना एअर क्लीनर कुठे आहे विचारलं तर नाखवीण म्हणाल्या, "तो होय? त्याच्यात कोंबड्या पाणी पितात." वाटी अंगणातून, जाळी माळ्यावरून मिळाली. वाटीच्या आत तेलाच्या पातळीची खूण शाबूत होती. डिझेलमध्ये जाळी धुतली, पूर्ण निथळू दिली, कारण ओली बसवली तर ते डिझेल इंजिन ओढून घेतं. पेट्रोलने धुवायची नाही, बंद इंजिनरूममध्ये पेट्रोलची वाफ म्हणजे काडी पेटायची वाट बघणं. तेल इंजिनात घालतो तेच, खुणेपर्यंत.

खुणेपर्यंत म्हणजे खुणेपर्यंत, हे मी तिघांना समोर उभं करून सांगितलं, आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बंदरात एका खलाशाने "थोडं जास्त असू दे" म्हणून वाटी काठोकाठ भरली. बोट डुलली, इंजिनाने ते तेल ओढलं आणि तेलावरच पळायला लागलं. स्टॉपचा लिव्हर ओढला तरी थांबेना, कारण ते डिझेलवर चालतच नव्हतं. आवाज असा की बंदरातल्या कुत्र्यांनी पळ काढला. शेवटी एकाने इनटेकच्या तोंडावर मासळीच्या खोक्याची फळी दाबून धरली, तेव्हा ते गुदमरून थांबलं. फळी, हात नव्हे. तळहात लावला असता तर जखम झाली असती, आणि गोणपाट लावलं असतं तर ते आत गेलं असतं.

चाचणीच्या दिवशी: १,७९० आरपीएम, ट्यूबमध्ये एकूण फरक २२ सेंटिमीटर, इंजिनरूम ४४ अंश. धूर रेस देताना क्षणभर करडा, मग नाही. झाकण करंगळीने उचललं तर उठलं.

ड्रायव्हरला एक वही दिली. दर फेरीनंतर वाटी काढून बघायची: तेल दुधाळ झालं तर खारं पाणी शिरलंय, लगेच बदलायचं, तळाच्या गाळात बोट रुतायला लागलं तरी बदलायचं, नाहीतर उगाच उघडझाप करायची नाही, कारण प्रत्येक उघडण्यात थोडा कचरा स्वच्छ बाजूला सांडतो. एअर क्लीनर ते मॅनिफोल्डच्या रबरी पाइपच्या क्लिपा हाताने हलवून बघायच्या. आणि मेमध्ये शाकारताना गोणपाट कोंबायचं तेव्हा त्याला सुतळी बांधून दुसरं टोक स्टार्टरच्या चावीला. ही कल्पना माझी नाही, नाखविणीची.

डिसेंबरात बोटीवर पुन्हा गेलो. डिझेल पूर्वीच्या हिशोबावर आलंय, ड्रायव्हरचं डोकं दुखायचं थांबलंय. सगळंच बरं झालं असं मात्र नाही. ब्रीदरमधून वाफ अजून जोराने येते. चार नंबरच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा कमी आहे, रिंगा झिजल्यात. आधीचे फिल्टरही असेच फाटके असतील तर किनाऱ्यावरची वाळू त्यांतून किती गेली, हे हेड उतरवून लायनर (सिलिंडरची आतली नळी) बघेपर्यंत कळणार नाही. ते काम जूनमध्ये, बोट वर ओढल्यावर. तोपर्यंत ब्रीदरच्या बाटलीत फेरीमागे पाऊण कप तेल जमतं. ड्रायव्हर ते चहाच्या कपाने मोजून वहीत लिहितो, आणि तो कप बाकी कोणी वापरू नये म्हणून त्याचा कान मुद्दाम फोडून ठेवलाय.